ठीकठाकरावांचा उजवा खांदा

सकाळी शर्ट घालणं हा त्या घरात दोन माणसांचा कार्यक्रम होता. नवरा पलंगाच्या कडेला पाठ ताठ करून बसायचा आणि बायको मागे उभी राहायची. आधी उजवी बाही, कारण उजवा खांदा बिघडलेला. ती बेताबेतानं वर सरकवायची, मग शर्ट पाठीवरून फिरवून डाव्या हाताच्या स्वाधीन करायचा. हा क्रम उलटा झाला की उजवा हात मागे जायला साफ नकार द्यायचा, आणि अर्धा शर्ट पाठीवर गोणपाटासारखा लोंबत राहायचा.

नवऱ्याला अख्खी इमारत ठीकठाकराव म्हणायची. उमेदीची सगळी वर्षं सैन्यात खेचरं सांभाळून ते निवृत्त झाले होते, आणि कुणी काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर एकच असायचं. एकदा जिन्यात पाय घसरून ते बऱ्याच पायऱ्या बसूनच उतरले. खालच्या मजल्यावरचा शिंपी कात्री हातात घेऊनच धावला. "लागलं का हो?" तर पायरीवर बसल्या बसल्या, छाती काढून उत्तर, "ठीकठाक!" तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बायकोला सगळे नुसतं काकू म्हणत. ठीकठाककाकू म्हणायची कुणाची छाती नव्हती. काकूंना जे पटत नसे, ते त्या समोरच्याला पाणी द्यायच्या आधी सांगून मोकळ्या होत.

त्या सकाळी शर्टाचा क्रम काकूंकडूनच चुकला, कारण त्यांचे हात शर्टात होते आणि डोकं अपिलात.

सैन्यात असताना झालेली दुखापत सरकारनं मान्य केली की निवृत्त माणसाला भत्ता मिळतो, पण काकूंची नजर भत्त्यावर नव्हती. दुखापत मान्य झाली तरच सैनिकांच्या दवाखान्यात खांद्याची शस्त्रक्रिया होणार होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "खांदा गोठत चाललाय. यंदा झालं तर झालं. पुढच्या वर्षी आलात तर मी फक्त मलम देईन, आणि ते चोळायला काकू आहेतच." दोनदा अर्ज करून दोनदा नकार आला होता. आता हे शेवटचं अपील. ह्यानंतर दार बंद.

म्हणून घरात रोज तालीम चालायची.

"दुखतं म्हणा," मागून काकू म्हणाल्या.

"दुखतं."

"अहो, हजेरी दिल्यासारखं काय म्हणताय? जरा चेहरा करा की."

ठीकठाकरावांनी चेहरा केला. फोटो काढताना उन्हाकडे तोंड करून उभं केलेल्या माणसाचा असतो, तसा तो झाला.

"आणि टकटक झाल्यावर काय म्हणायचं? वन्संनी काय शिकवलंय?"

"आई गं, मेलो. तीनदा. मध्ये श्वास घ्यायचा."

वन्सं म्हणजे ठीकठाकरावांची धाकटी बहीण. राहायला समोरच्याच इमारतीत. भावाच्या वाट्याच्या सगळ्या तक्रारी जणू तिच्याकडेच वर्ग झाल्या होत्या. पाण्याची टाकी, शेजारचा कुत्रा, बँकेतला पंखा, उन्हाची तिरीप, तिच्या तक्रारीतून काही सुटलेलं नव्हतं. भावाला कण्हायला शिकवायचा विडा तिनंच उचलला होता. रोज सकाळी ती अपील कार्यालयातला अधिकारी बनून यायची, दार ठोठावायची, आणि आतून कण्हणं ऐकू आलंच पाहिजे असा तिचा दंडक होता. "छाप दारातच पडते, वहिनी. एकदा माणूस खुर्चीत बसला की त्याला काही वाटेनासं होतं."

काकूंनी डावी बाही चढवली, उजवी शोधली, आणि चुकलं हे त्यांच्या लक्षात आलं त्याच क्षणी दारावर टकटक झाली.

"आल्या वाटतं. आज लवकर आल्या," असं पुटपुटत काकूंनी शर्ट होता तसा सोडला आणि त्या दाराकडे गेल्या. दार उघडायला नि आतल्या खोलीतून आरोळी यायला एकच गाठ पडली.

"आई गं! मेलो!"

दारात वन्सं नव्हत्या. तीन जिने चढून धापा टाकणारी एक बाई होती. खांद्याला भलीमोठी पिशवी, पिशवीत फायली, गळ्यात ओळखपत्र.

"अपील कार्यालयातून आलेय," ती म्हणाली. "घरी येऊन पडताळणी करावी लागते. आधी कळवायची पद्धत नाही. आत कुणाला काय झालंय?"

"आई गं! मेलो!" आतून तोच सूर, तीच पट्टी.

"अहो, पुरे!" काकू ओरडल्या.

"तिसरं राहिलंय," आतून शांतपणे उत्तर आलं.

काकूंना वाटलं, आपणच ह्या क्षणी तिसरं म्हणून टाकावं. त्यांनी मॅडमना आत घेतलं, खुर्ची पुसली, पुसलेली खुर्ची पुन्हा पुसली. तेवढ्यात ठीकठाकराव पडद्याआडून बाहेर आले. डावा हात बाहीत, उजवा हात मोकळा, पाठीवर अर्धा शर्ट. बहिणीच्या जागी परकी बाई आणि तिच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसताच त्यांच्या टाचा जुळल्या.

"काय त्रास होतोय?" मॅडमनी विचारलं.

"ठीकठाक, मॅडम!"

"आत्ता तर मेलो म्हणत होतात."

"होय, मॅडम."

"मग?"

ठीकठाकरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "आता ठीकठाक आहे."

मॅडमनी वही उघडली आणि काहीतरी लिहिलं. काकूंना ते उलटं वाचता येईना, म्हणून त्या चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या. आधण उकळायच्या आत दार पुन्हा वाजलं, किंबहुना वाजलं आणि उघडलं. ह्या वेळी वन्संच होत्या. अधिकारी दिसावं म्हणून यजमानांचा जुना चष्मा नाकावर, काखेत जाडजूड रजिस्टर, हातात छत्री.

"कुठाय तो खांदेवाला?" वन्संनी छत्री जमिनीवर आपटली. "उभा राहा! खोटं दुखत असेल तर दवाखाना विसरायचा! चल, कण्हून दाखव! काल जमलं नव्हतं ते आज जमलं पाहिजे!"

यजमानांच्या चष्म्यातून वन्संना धड काही दिसत नसे. जरा वेळानं त्यांना खुर्चीतली आकृती दिसली.

"ह्या कोण गं वहिनी? नवीन भाडेकरू का?"

"वन्सं," काकू स्वयंपाकघराच्या दारातून, मेलेल्या आवाजात म्हणाल्या, "ह्या अपील कार्यालयातून आल्यात."

वन्संनी चष्मा काढला. मॅडमकडे पाहिलं, ओळखपत्राकडे पाहिलं, मग स्वतःच्या छत्रीकडे पाहिलं. "बरं मग, मी निघते," असं म्हणून त्या स्टुलावर बसल्या.

मॅडमनी वही मिटली. आवाज चढवला नाही, पण त्यामुळेच तो जास्त लागला. "हे बघा, मला जे दिसतं ते लिहावं लागतं. आत्तापर्यंत मला इथं नाटकाची तालीम दिसली."

संपलं, काकूंच्या मनात आलं. शस्त्रक्रिया गेली, आता जन्मभर मलम. हातात चहाचा कप होता. तो त्यांनी मॅडमसमोर ठेवला आणि पैपै करून साठवलेला सगळा धीर एका वाक्यात खर्च केला.

"लिहा. तालीम होती हे लिहाच. पण कशाची होती तेही लिहा. नसलेलं दुखणं दाखवायची नव्हती हो. असलेलं दुखणं कबूल करायची होती. ह्या माणसाला ते येत नाही. कुणाला चालायला शिकवावं लागतं, मी ह्यांना कण्हायला शिकवतेय."

"येत नाही म्हणजे काय?"

"म्हणजे सुरुवातीपासूनच सांगते. चहा घ्या."

डोंगरातल्या एका अरुंद वाटेची ती गोष्ट होती. मास्तर नावाचं एक खेचर होतं. ते मध्येच थांबलं की मागच्या सगळ्यांना उभं राहावं लागे, म्हणून ते मास्तर. पाठीवर ओझं घेऊन जाताना कडेची माती सुटली आणि मास्तर निम्मा दरीत गेला. ठीकठाकरावांनी दोर उजव्या हाताला गुंडाळला आणि मागचे लोक येऊन पोचेपर्यंत सोडला नाही. मास्तर वर आला. त्याचा गुडघा खरचटला होता. ठीकठाकरावांचा खांदा जागेवरून निघाला होता आणि कुणा सोबत्यानं तिथंच ओढून परत बसवला होता.

"मग जनावरांचे डॉक्टर आले," काकू म्हणाल्या. "त्यांनी खेचर तपासलं. खेचर असं काही कण्हलं म्हणे, की त्याला आराम मिळाला, जादा चारा मिळाला. जाताजाता त्यांनी ह्यांना विचारलं, तुला काही लागलं का? तर हे काय म्हणाले असतील?"

"ठीकठाक, साहेब," ठीकठाकरावांनी माहिती पुरवली.

"खेचराला अक्कल होती," स्टुलावरून वन्सं म्हणाल्या. "आमच्या घराण्यात ती माझ्यापासून सुरू झाली."

पहिल्या तपासणीचं तर सांगण्यासारखं काही नव्हतंच. डॉक्टरांनी विचारलं, काही तक्रार? ठीकठाकरावांच्या लेखी तक्रार करणारा माणूस म्हणजे कामचुकार. "तक्रार नाही, साहेब!" खणखणीत उत्तर गेलं, तसंच लिहिलं गेलं, आणि खुर्ची गरम व्हायच्या आत ते बाहेर.

"दुसऱ्या वेळी मात्र चूक माझी," काकू म्हणाल्या. "थंडी होती म्हणून मी ह्यांना टोपी घातली."

मॅडमचा कप ओठांशीच थांबला. "टोपीचा काय संबंध?"

"उघड्या डोक्यानं हे सलाम करत नाहीत. डोक्यावर टोपी, आणि समोर तपासायला बसलेले कोण? गणवेशातले मोठे साहेब. ह्यांनी आत पाऊल टाकलं आणि कडक सलाम ठोकला. उजव्या हातानं! ज्या हाताचं अपील, त्याच हातानं! साहेबांनी बघितलं आणि मान खाली घालून लिहायला लागले. झालं."

"आमच्याकडे अहवालात तेच आहे," मॅडम म्हणाल्या. "हात विनासायास कपाळापर्यंत जातो."

"जातो ना. पण मान वर करून पुढचं बघायचं होतं की. दाराच्या फटीतून मला दिसत होतं. हात वर गेला तो खाली येईना. ह्यांनी डाव्या हातानं उजवं कोपर धरलं आणि संध्याकाळी झेंडा उतरवतात तसा तो हात हळूहळू खाली उतरवला. तोंडातून हूं नाही की चूं नाही. घरी आल्यावर कितीतरी दिवस तो हात नुसता उशीवर ठेवलेला होता."

मॅडम ठीकठाकरावांकडे वळल्या. ते अजून तसेच उभे होते. "हात उचलत नाही, तर सलाम केलात कसा?"

"मी नाही केला, मॅडम. तो झाला."

"म्हणजे?"

ठीकठाकरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं. "झटक्यात वर जातो. वर थांबत नाही. खाली आपणहून येत नाही."

खांद्याबद्दल इतकी वाक्यं त्यांनी सलग कधीच बोलली नव्हती. वन्सं शाबासकी द्यायला तोंड उघडणार, तोच काकूंनी त्यांना चिमटा काढला.

"हे तपासणीत का नाही सांगितलंत?"

"विचारलं नाही, मॅडम."

आता कुठं मॅडमचं लक्ष त्या लोंबणाऱ्या शर्टाकडे गेलं. काकूंचंही गेलं. "अगं बाई, मघापासून तसेच उभे!" म्हणत त्या धावल्या, पण मॅडमनी हात आडवा केला. "थांबा. त्यांना घालू द्या."

ठीकठाकरावांना हुकूम कळतो. त्यांनी डाव्या हातानं गळपट्टी पुढे ओढली. रिकामी उजवी बाही तेवढी मागे सरकली. त्यांनी उजव्या हाताची बोटं बाहीच्या दिशेनं नेली. बोटं कमरेशी अडकली. मग ते वाकले, शर्ट झुलवला, बाही पुढे आली की तिला गाठायचं असा बेत केला. बाही यायची आणि निघून जायची. एकदा त्यांनी ती दातात पकडली. कपाळावर घाम जमला, मानेची शीर फुगली, चेहरा मात्र परेडला उभ्या असलेल्या माणसाचा. अखेर दातातली बाही सोडून ते म्हणाले, "ठीकठाक."

"घाला त्यांना शर्ट, काकू," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या आणि बराच वेळ लिहीत राहिल्या.

काकूंनी डावी बाही काढली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बटणं लावताना त्यांनी हळूच विचारलं, "मग होईल ना आमचं काम?"

"मी पाहिलं ते मी लिहिलंय. पण ते पुरत नाही." मॅडमनी फायलीतला एक कागद वर काढला. "ह्या खांद्यामुळे काय अडतं, हे अपील करणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडचं लागतं. एक वाक्य. मागच्या दोन्ही वेळी त्यांच्या तोंडचं वाक्य आहे, तक्रार नाही. आजही तेच गेलं तर वरचे लोक माझं लिहिलेलं वाचणार नाहीत. फाइल बंद होईल."

"मी सांगते की. शर्ट तर तुम्ही पाहिलातच, शिवाय वरच्या फळीवरचा डबा..."

"तुमचं चालत नाही, काकू. त्यांचंच पाहिजे."

सगळ्या नजरा ठीकठाकरावांवर आल्या. मॅडमनी पेन तयार ठेवलं. "सांगा. काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही, मॅडम!"

काकूंनी कपाळाला हात लावला. वन्सं स्टुलावरून अर्ध्या उठल्या. "दादा, अरे मेलो तरी म्हण! शिकवलंय ना रे तुला! निदान तेवढं म्हण!"

"मेलो नाही म्हणता येणार," ठीकठाकराव म्हणाले. "मॅडमनी प्रश्न वेगळा विचारलाय."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. पेन पिशवीत टाकता टाकता त्या थांबल्या, बहुधा इतक्या लांब येऊन तीन जिने चढल्यावर तसंच उतरायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. "बरं, तक्रारीचं राहू द्या. विनंती काही?"

ठीकठाकरावांचा चेहरा बदलला. विनंतीची गोष्ट वेगळी होती. सैन्यात दर महिन्याला सगळ्यांना एकत्र बसवून मोठे साहेब विचारायचे, कुणाची विनंती? तेव्हा उभं राहून बोलायची मुभा असायची आणि त्यात कमीपणा नसायचा. सगळ्या नोकरीत ठीकठाकराव एकदाच उभे राहिले होते. मास्तरच्या पाठीला खोगीर घासत होतं, त्याखाली जाड घोंगडी मिळावी, अशी ती विनंती होती. ती मंजूर झाली होती.

त्यांनी घसा साफ केला. मग बायकोकडे वळून म्हणाले, "तू जरा आत जातेस का?"

"मी? का म्हणून?"

"तुझ्यासमोर सांगायचं म्हणजे..."

"मी इथून हलत नाही," काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "जे आहे ते माझ्यासमोर होऊ द्या."

ठीकठाकरावांनी जमिनीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग मॅडमच्या डोक्यावरच्या भिंतीत नजर रोवली. "ही रोज माझा भांग पाडते, मॅडम. मन लावून पाडते. पण उजवीकडे पाडते. माझा भांग डावीकडचा. आणि ही पाडते तो मागे जाऊन वाकडा होतो."

"अहो!" काकूंचे कमरेवरचे हात सुटले. "इतकी वर्षं! मग बोलला का नाहीत?"

"तक्रार नव्हती."

वन्संनी रजिस्टर तोंडापुढे धरलं. ते गदगदा हलत होतं. काकूंनी नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं, मान तिरकी करून मागच्या बाजूनं पाहिलं. भांग खरोखरच वाकडा होता.

"डाव्या हातानं जमत नाही?" मॅडमनी विचारलं. पेनाचं टोपण पुन्हा निघालं होतं.

"करून पाहिलं. भांगाला दोन हात लागतात, मॅडम. एकानं केस दाबून धरायचे, दुसऱ्यानं कंगवा चालवायचा. हा हात तेवढा वेळ वर राहत नाही."

"मग तुमची विनंती एका वाक्यात सांगा. सांगाल तशीच लिहिते."

ठीकठाकरावांनी टाचा जुळवल्या, आणि हुकूम सोडायच्या आवाजात नाही, घरात बोलतात तशा साध्या आवाजात म्हणाले, "माझा भांग मला स्वतःला पाडता येईल, एवढा वेळ हात डोक्याशी थांबावा, इतका खांदा दुरुस्त करून द्या. डोक्याच्या वर माझं काही काम नसतं."